रांगेचे गणित मांडणारे एर्लांग

नगरहून मुंबईला फोन लावायचा म्हणजे एके काळी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना चांगलेच आठवत असेल. कॉलचे प्रकारही होते : साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. साध्याला पैसे कमी पडत, पण मागून आलेला अर्जंटवाला त्याच्या पुढे जाई आणि लाइटनिंगवाला त्या दोघांच्याही पुढे. सकाळी नोंदवलेला साधा कॉल दिवेलागणीपर्यंत न लागणे यात कोणाला नवल वाटत नसे. बोल लावला जाई तो एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला. वास्तविक तिच्या हाती फारसे काही नव्हते. दोन गावांच्या दरम्यान बोलण्याचे मार्ग किती, तासाभरात बोलू पाहणारे किती आणि एक जण सरासरी बोलतो किती वेळ, या तीन आकड्यांनी तिचा आणि ग्राहकाचा दिवस आधीच ठरवून टाकलेला असे.

ट्रंक कॉल इतिहासजमा झाले. रांग मात्र गेली नाही, ती फक्त दिसेनाशी झाली. आज ती संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे अभियंते ज्याला कर्नल म्हणतात त्यात, आणि घरातल्या राउटरच्या पोटात उभी असते. माणसांच्या जागी तेथे माहितीची पॅकेट्स असतात. कोणाला आधी सोडायचे, कोणाला थोपवायचे, कोणाला सरळ टाकून द्यायचे आणि एका सेकंदात एकूण किती जाऊ द्यायचे, हे ठरवणाऱ्या कर्नलमधील व्यवस्थेला ट्रॅफिक शेपिंग असे नाव आहे. ही व्यवस्था बिघडली की पैसे भरूनही इंटरनेट रखडते, बोलता बोलता चेहरा पडद्यावर गोठतो आणि दोष कोठे आहे ते कोणालाच नेमके सांगता येत नाही. असा दोष शोधताना अभियंते जे प्रश्न विचारतात, ते शंभर वर्षांपूर्वी एका अबोल डॅनिश गणितज्ञाने टेलिफोनच्या तारांना विचारले होते. त्यांचे नाव आग्नर क्रारूप एर्लांग.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील जटलंड प्रांतातल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आई धर्मोपदेशकांच्या घराण्यातली, आणि तिच्या पूर्वजांमध्ये टोमास फिंके हे नामांकित गणितज्ञ होऊन गेलेले. एक थोरला भाऊ, दोन धाकट्या बहिणी आणि राहणे शाळेच्याच इमारतीत. पुस्तके मोजकी असत. त्यामुळे संध्याकाळी थोरला भाऊ पुस्तक समोर धरून वाची आणि आग्नर टेबलाच्या पलीकडे बसून तेच पान उलटे वाची, अशी हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. आकाशाचे वेड त्यांना लहानपणापासून होते. ग्रहताऱ्यांवर त्यांनी कविताही केल्या होत्या.

चौदाव्या वर्षी कोपनहेगनला जाऊन त्यांनी विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी भरत असल्याने खास परवानगी घ्यावी लागली होती. परीक्षेत ते विशेष गुणांनी उत्तीर्ण झाले आणि पुन्हा गावी येऊन दोन वर्षे वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून राहिले. या काळात फ्रेंच व लॅटिन शिकून घेतले. १८९६ मध्ये ते विद्यापीठात दाखल झाले. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. १९०१ साली गणित हा मुख्य विषय घेऊन आणि खगोल, भौतिक व रसायन हे जोडविषय घेऊन त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतरची सात वर्षे निरनिराळ्या शाळांत शिकवण्यात गेली. शिकवणे त्यांना जमत होते, पण चार माणसांत मिसळणे फारसे मानवत नव्हते. बोलणे थोडके आणि पाहणे फार, असा स्वभाव. सुटीत परदेशी जाऊन चित्रसंग्रहालये आणि ग्रंथालये पाहणे हा त्यांचा एकमेव मोठा खर्च.

डॅनिश गणित मंडळाच्या बैठकींना ते नियमाने जात, आणि तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते योहान येन्सन हेही या बैठकींना येत. गणिताच्या विद्यार्थ्यांना येन्सन यांची असमानता परिचित असते, तेच हे येन्सन. नोकरी अभियंत्याची आणि छंद उच्च गणिताचा असा हा गृहस्थ होता. त्यांनी एर्लांग यांची गाठ कंपनीचे संचालक योहानसेन यांच्याशी घालून दिली. ग्राहकांना थांबावे किती लागते या प्रश्नाकडे योहानसेन स्वतः वळले होते आणि १९०७ मध्ये त्यांनी त्यावर एक लेखही लिहिला होता. पुढचे गणित आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून त्यासाठी गणितज्ञ नोकरीस ठेवण्याचा शहाणपणा या व्यापारी कंपनीच्या प्रमुखाने दाखवला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. १९०८ साली एर्लांग कंपनीत रुजू झाले आणि तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

प्रमुखपद हे नावाचेच होते, कारण सुरुवातीला प्रयोगशाळेत हाताखाली कोणीही नव्हते. जमिनीत भटकणारे विद्युतप्रवाह टेलिफोनच्या केबलींना उपद्रव देत. त्यांची मोजमापे एर्लांग स्वतः करत. खांद्यावर शिडी घेतलेला एक कामगार आणि त्याच्याबरोबर हा दाढीवाला गणितज्ञ, अशी जोडी कोपनहेगनच्या रस्त्यांवर मॅनहोलपाशी थांबलेली लोकांना वरचेवर दिसे. शिडी आत सोडायची, खाली उतरायचे, उपकरण लावायचे, आकडा टिपायचा आणि पुढच्या मॅनहोलकडे जायचे. संभाव्यतेच्या शास्त्रात मोलाची भर घालणाऱ्या माणसाच्या चरित्रात हा चिखलातला भाग किरकोळ वाटेल. प्रस्तुत लेखकाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तक्रार काय आहे हे ऐकून घेतल्यावर स्वतः मोजल्याशिवाय कारण ठरवायचे नाही, हा त्यांचा बाणा येथे दिसतो आणि पुढच्या साऱ्या गणितामागे तोच आहे.

१९०९ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाला. विषय संभाव्यता आणि टेलिफोनवरील संभाषणे. शहरातील हजारो ग्राहक एकमेकांना न विचारता, आपापल्या लहरीने फोन उचलतात. त्यात शिस्त कसली असणार, असे कोणालाही वाटेल. एर्लांग यांनी दाखवले की या बेशिस्तीलाच एक नियम आहे. पुढच्या मिनिटाला शून्य, एक, दोन किंवा दहा कॉल येण्याची शक्यता किती, हे फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या जुन्या सूत्राने सांगता येते. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने दरसाल किती सैनिक मरतात, यासाठी तेच सूत्र १८९८ मध्ये वापरले गेले होते. घोड्यांच्या लाथा आणि कोपनहेगनकरांच्या गप्पा एकाच सूत्रात बसाव्यात, ही गणिताची गंमत आहे.

खरी कामगिरी १९१७ ची. त्या वर्षीच्या लेखात त्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे दिली. सगळे मार्ग गुंतलेले असताना आलेला कॉल परत पाठवला जात असेल, तर असे किती कॉल वाया जातील? आणि परत न पाठवता रांगेत उभा केला जात असेल, तर त्याला थांबावे किती लागेल? स्वयंचलित एक्स्चेंज नुकती येऊ लागली होती. मार्ग कमी ठेवले तर ग्राहक संतापणार, जास्त ठेवले तर कंपनी बुडणार. ही निवड तोवर अनुभवाने आणि अंदाजाने होत असे.

सूत्राची ताकद एका उदाहरणावरून लक्षात येईल. एखाद्या ठिकाणी कोणत्याही क्षणी सरासरी पाच संभाषणे चालू राहतील एवढी मागणी आहे असे समजा. मग पाच मार्ग पुरावेत, असे सामान्य बुद्धी सांगते. प्रत्यक्षात पाच मार्ग ठेवले तर शंभरातले सुमारे २८ कॉल परत जातात. दहा मार्ग ठेवले तर दोनहूनही कमी. आणखी एक गोष्ट तर हिशेब करून पाहिल्याशिवाय पटत नाही. शंभरात एकच कॉल वाया जावा अशी अट घातली, तर दहा मार्गांचा जुडगा साडेचारच्या आसपास मागणी पेलतो. त्याच अटीवर शंभर मार्गांचा एकत्र जुडगा मात्र ८४ पर्यंत पेलतो. म्हणजे दहा-दहाचे दहा वेगळे जुडगे करण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक वापरला, तर जवळजवळ दुप्पट काम होते.

रांगेचे गणित याहून निष्ठुर आहे. एकच खिडकी आहे, माणसे यदृच्छेने येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त होतो, असे धरले, तर खिडकी निम्मा वेळ व्यग्र असताना माणसाला एकूण वेळ आपल्या कामाच्या दुप्पट लागतो. खिडकी शंभरातले ९० भाग व्यग्र झाली की दहापट, आणि ९९ भाग झाली की शंभरपट. नव्वदावरून नव्व्याण्णववर जाताना काम दहा टक्क्यांनी वाढले आणि रखडणे दहापटीने, हे पाहूनच कार्यक्षमतेच्या नावाखाली प्रत्येक तार आणि प्रत्येक खिडकी काठोकाठ भरू पाहणाऱ्या व्यवस्थापकांना थोडा विचार पडावा.

नगर जिल्ह्यातील वाचकाला हे सारे फार परके वाटू नये. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे धरण एर्लांग हयात असतानाच, १९२६ मध्ये पुरे झाले. तेथले पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याला येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढे जाते. पाणी सर्वांना एकाच वेळी सोडले तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचतच नाही, हे त्या भागातील लहान मूलही सांगेल. म्हणून आवर्तने ठरतात, पाळ्या लागतात, चारीची दारे मापाने उघडतात. विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात नोकरीस असताना नीरा कालव्यासाठी मांडलेली ब्लॉक पद्धत याच चिंतेतून आली होती. कर्नलमधील ट्रॅफिक शेपिंग हा त्याच जातीचा बंदोबस्त आहे. फरक इतकाच की येथे दार दर सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते, आणि ते नीट मिटले की नाही हे पाहायला पाटकरी जाऊ शकत नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीत हे काम करणारी जी साधने आहेत, त्यांतले एक बादलीच्या कल्पनेवर चालते. बादलीत ठरलेल्या वेगाने टोकने पडत राहतात. पॅकेट जितके मोठे तितकी टोकने दिल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही. बादली भरली की वरची टोकने वाया जातात. कल्पना इतकी सोपी असूनही तिने अभियंत्यांना वर्षानुवर्षे छळले आहे. एक नमुना पाहा. पूर्वी इंटेलच्या यंत्रांवर लिनक्सचे घड्याळ सेकंदाला शंभरच ठोके देई, म्हणजे कर्नल दर दहा मिलिसेकंदांनी बादलीकडे बघे. कोणी वेग सेकंदाला १० मेगाबिट ठरवला आणि बादली ठेवली ८,००० बाइटची. एका ठोक्यात जास्तीत जास्त बादलीभरच माल जाणार, म्हणजे सेकंदाला आठ लाख बाइट, म्हणजेच ६.४ मेगाबिट. आदेशात दहा लिहिलेले, तारेवर साडेसहाही भरत नाही आणि त्रुटीचा संदेश कोठेही उमटत नाही. माणूस तारेला, मॉडेमला, सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देत बसतो. बादली थोडी मोठी करून पाहिली आणि वेगही त्याच प्रमाणात वाढला, की मग उलगडते की रोग तारेत नसून घड्याळात आणि बादलीत होता. २००७ च्या सुमारास सूक्ष्म ठोक्यांची घड्याळे कर्नलमध्ये आली आणि या रोगाचा जोर ओसरला.

दुसरा दोष याहून फसवा. वेग वाढवण्यासाठी कर्नल पुष्कळदा लहान पॅकेट्स न बनवता ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच मोठा गठ्ठा पुढे ढकलतो आणि त्याचे तुकडे करण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवतो. बादली मात्र गठ्ठ्याहून लहान असेल तर तेवढी टोकने तिच्यात कधीच जमणार नाहीत. मग गठ्ठा टाकून दिला जाई. लक्षण असे की बारीकसारीक निरोप झटपट जातात, मोठी फाइल पाठवायला घेतली की ती रांगू लागते. कार्डाची ती सवलत बंद करून पाहिली की फाइल सुरळीत जाते, आणि चोर सापडतो. २०१३ मध्ये कर्नलमध्येच सुधारणा झाली आणि असे गठ्ठे बादलीपाशीच फोडले जाऊ लागले. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दुरुस्त झाली. वेग साठवण्यासाठी ठेवलेली जागा ३२ बिटांची होती, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ गिगाबिटांच्या पुढचा आकडा तिच्यात मावतच नव्हता. ती योजली गेली तेव्हा एवढा वेग कोणाच्या स्वप्नातही नसावा.

तिसऱ्या प्रकारात कर्नलचे काहीच चुकलेले नसते. कार्डाच्या दाराशी हजार पॅकेट्सची रांग ठेवण्याची लिनक्सची रूढी होती. प्रत्येक पॅकेट दीड हजार बाइटचे धरले तर भरलेली रांग १५ लाख बाइटची झाली. घरून बाहेर जाणारा मार्ग सेकंदाला एक मेगाबिटचा असेल, तर शेवटच्या पॅकेटाला बारा सेकंद थांबावे लागणार. कोणी एखादा व्हिडिओ वर चढवू लागला की शेजारच्या खोलीतले बोलणे तुटते, ते यामुळे. पॅकेट हरवलेले नसते, रांगेत असते. टाकाटाकी नको म्हणून रांग लांब करत जाण्याच्या या सद्‌हेतूने जगभरच्या जोडण्या कशा मंदावल्या, हे जिम गेटीस यांनी २०१० पासून लोकांसमोर आणले आणि या विकाराला बफरब्लोट हे नाव पडले. त्यावर कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचवलेला उपाय पाहिला की एर्लांग यांची आठवण येते. रांगेत पॅकेट्स किती आहेत हे मोजू नका, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते मोजा, असे त्याचे सार आहे. थांबण्याचा वेळ एका मर्यादेबाहेर बराच काळ राहिला की काही पॅकेट्स टाकून पाठवणाऱ्याला सावध करायचे. त्याच वर्षी हा उपाय लिनक्समध्ये आला.

मात्र त्यालाही एक अट आहे. रांग आपल्या ताब्यातल्या दाराशी असली पाहिजे. पुढच्या मॉडेमच्या पोटात याहून लांब रांग असेल, तर आपण मागे केलेली सारी शिस्त फुकट जाते. म्हणून जाणकार आपल्या राउटरचा वेग मार्गाच्या खऱ्या वेगाहून थोडा कमी ठरवतात, म्हणजे रांग पुढे न साचता आपल्यापाशीच साचते. दोष शोधणारा अभियंता सर्वांत आधी हेच पाहतो : रांग नक्की कोठे आहे? कर्नल प्रत्येक रांगेपाशी जमाखर्च ठेवतो. किती पॅकेट्स गेली, किती टाकली, किती वेळा मर्यादा आड आली, या क्षणी किती खोळंबली आहेत. खोळंबलेली शून्य दिसत असूनही ग्राहक रखडत असेल, तर रांग दुसरीकडे आहे आणि आपण चुकीच्या मॅनहोलमध्ये उतरलो आहोत.

येथे एर्लांग यांच्या गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. लोक एकमेकांशी सल्लामसलत न करता फोन उचलतात, या गृहीतावर ते उभे आहे. संगणक तसे वागत नाहीत. ते पॅकेट्सचा लोंढा सोडतात, मग गप्प बसतात, पुन्हा लोंढा सोडतात, आणि पॅकेट हरवले की हात आखडता घेतात. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेतील संशोधकांनी स्थानिक जाळ्यावरील वाहतूक बारकाईने नोंदवून १९९३ मध्ये दाखवून दिले की हे लोंढे सेकंदाच्या मापाने पाहा की तासाच्या, सारखेच उसळताना दिसतात. प्वासाँच्या सूत्राप्रमाणे काळाचे माप मोठे केले की ते सपाट होत नाहीत. टेलिफोनच्या सूत्राने इंटरनेटच्या रांगेची लांबी ठरवू गेल्यास फसगत होते ती यामुळे. हा शोध लागला तोही तारेवरची पॅकेट्स एकेक करून मोजल्यामुळेच.

एर्लांग यांनी टेलिफोन कंपनीत सुमारे वीस वर्षे काढली. रांगेच्या गणिताखेरीज विद्युतमापनाची उपकरणे, टेलिफोनच्या तारांचे गणित, चार अंकी लॉगरिथमची कोष्टके अशी बरीच कामे त्यांच्या हातून झाली. त्यांची सूत्रे ब्रिटनच्या टपाल खात्याने आपल्या टेलिफोन मार्गांच्या आखणीसाठी स्वीकारली. मूळ लेखन डॅनिशमध्ये आणि तेही कमालीचे आटोपशीर, सिद्धतेच्या पायऱ्या गाळून पुढे जाणारे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील एक संशोधक केवळ ते मुळातून वाचता यावे म्हणून डॅनिश शिकला, असे सांगितले जाते.

त्यांनी लग्न केले नाही. रात्री उशिरापर्यंत काम आणि उरलेल्या वेळात वाचन. गणित, खगोल आणि भौतिकावरील पुस्तकांचा त्यांचा संग्रह मोठा होता आणि इतिहास, तत्त्वज्ञान व काव्य यांतही त्यांना गोडी होती. अडलेली माणसे प्रयोगशाळेत त्यांना भेटायला येत आणि ते गाजावाजा न करता त्यांच्या हातावर पैसे ठेवत. स्वतःसाठी लागणारे थोडेच होते.

एवढ्या वर्षांत आजारपणाची रजा म्हणून त्यांनी कधी घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या दुखण्यामुळे रुग्णालयात जावे लागले आणि शस्त्रक्रिया झाली. त्यातून ते उठले नाहीत. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतूक मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव दिले. एक मार्ग तासभर अखंड गुंतलेला राहिला, तर ती एक एर्लांग वाहतूक. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक संगणकीय भाषा तयार झाली, तिलाही एर्लांग हेच नाव आहे. त्यांचे चरित्र आणि निवडक लेख असलेला ग्रंथ १९४८ मध्ये कोपनहेगनला इंग्रजीत निघाला आणि त्यानंतर एर्लांग वाचण्यासाठी डॅनिश शिकण्याची गरज कोणाला उरली नाही.